कुलूप, वारस आणि नोटीस

दसरा ओलांडला की बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून रंगसफेतीची धांदल सुरू होते. अनंतशयन गल्ली घ्या, रामदेव गल्ली घ्या, काकती वेस घ्या, नाही तर पलीकडे शहापुरात जा. पोरे मातीचे किल्ले रचण्यात गुंतलेली, घरची माणसे सोप्यातला पसारा काढून झाडलोट करण्यात. अशा जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादे दार मात्र तसेच राहते. कुलपाला गंज चढलेला, कट्ट्याच्या फटीतून पिंपळ वर आलेला, मंगलोरी कौले निम्मी घसरलेली. विचारले तर शेजारी सांगतात, ‘‘अमक्यांचा वाडा. मुलं पुण्याला असतात. वाद चाललाय.’’ आणि थोडे थांबून, ‘‘मागची भिंत गेल्या पावसात गेली. पुढची कधी जाते कुणास ठाऊक!’’

निपाणीत हेच दृश्य वखारींच्या रूपाने दिसते. तंबाखूच्या वैभवाच्या काळात बांधलेल्या, जाड भिंतींच्या, मोजक्या झरोक्यांच्या या इमारती. ज्यांच्या जोरावर निपाणीचे नाव देशभर गेले आणि ज्यांच्या भोवती १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, त्यांतली एखादी वखार बंद पडली की तिला दुसरे काम सापडणे कठीण. राहायला ती घर नाही, पाडायला खर्च फार, आणि भागीदारांच्या तिसऱ्या पिढीत कोण कुठे आहे याचा पत्ता नाही.

अशा वेळी हमखास निघणारा उद्गार म्हणजे, ‘‘पालिका काय झोपली आहे काय?’’ पालिकेला अधिकार नाही असे मुळीच नाही. पडक्या घराला हात घालण्याचा अधिकार आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे आहे. हा अधिकार कसा आला, तो कुठवर पोचतो, आणि आपल्या सीमाभागात तो विशेष लंगडा का पडतो, याची हकीकत सरकारी कागदांत विखुरलेली आहे. ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

बेवारस मिळकतीशी या जिल्ह्याची ओळख जुनी आहे. शाळेच्या पुस्तकात वारस नामंजूर करून संस्थाने गिळण्याचे धोरण डलहौसीच्या नावावर असते. तो हिंदुस्थानात आला १८४८ साली. कित्तूरच्या देसायांचे दत्तकविधान कंपनी सरकारने अमान्य केले ते १८२४ साली, आणि त्यातूनच राणी चन्नम्मांचा लढा उभा राहिला. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे पेशवाईच्या अखेरीस गाजलेले अप्पा देसाई, १८३९ साली वारले. औरस मुलगा मागे नव्हता. जहागीर खालसा झाली. दोन वर्षांनी, १८४१ मध्ये, अरबांनी निपाणीची गढी धरली आणि ती घ्यायला इंग्रजी फौज आणावी लागली. जिथे महसूल मिळणार होता तिथे वारस आहे की नाही हे ठरवायला सरकारला वेळ लागला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाड्याच्या पडक्या भिंतीतून महसूल मिळत नाही.

घरांकडे सरकारचे लक्ष गेले ते वेगळ्या वाटेने. १८५० साली २६ क्रमांकाचा कायदा झाला. गावातल्या रहिवाशांनीच मागणी केली तर तिथे रस्ते, दिवाबत्ती, सफाई पाहणारे मंडळ नेमायचे, अशी त्याची रीत. बेळगाव आणि निपाणी या दोन्ही नगरपालिका त्या कायद्याच्या पहिल्या काही वर्षांतल्या. पुढे मुंबई इलाख्याने १८७३, १८८४ आणि १९०१ साली जिल्हा म्युनिसिपालिट्यांचे कायदे केले, मोठ्या शहरांसाठी १९२५ साली बरो म्युनिसिपालिट्यांचा कायदा आला. पडक्या इमारतींचे कलम या मालिकेत ठरीव साच्याचे झाले. इमारत मोडकळीला आली असेल, रस्त्याने जाणाऱ्याला किंवा आत राहणाऱ्याला धोका असेल, तर मालकाला अथवा भोगवटादाराला नोटीस द्यायची: पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा. त्याने न केले तर पालिकेने करायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यात याच्याही पुढची तरतूद आली. जागा सोडून दिल्यामुळे किंवा मालकीच्या वादामुळे ओस पडून उनाडांचा अड्डा झाली, तर तिचा बंदोबस्त करायला लावण्याचा अधिकार तिथल्या आयुक्ताला मिळाला. ओस पडण्याचे कारण ‘मालकीचा वाद’ असते, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळले होते.

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत, आणि वर्षा-दोन वर्षांत आपल्याकडे. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, माणसे बाहेर काढण्याचे, घर पाडण्याचे अधिकार दिले. पुण्यात त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. गावे ओस टाकून लोक माळावर झोपड्या घालून राहिले, त्या आठवणी आपल्याकडच्या कित्येक घरांत आजी-पणजीच्या तोंडून आलेल्या असतील. १८९८ साली मुंबईसाठी सुधारणा विश्वस्त मंडळाचा, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. गलिच्छ वस्ती ताब्यात घ्यायची, पाडायची, रुंद रस्ते काढायचे, नवी घरे बांधायची, असा त्याचा आराखडा. इंग्लंडात १८७५ साली झालेल्या कायद्याचे ते वळण. पाडण्याचे काम झपाट्याने झाले, बांधण्याचे मागे राहिले. बाहेर काढलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली आणि त्या चाळीही गलिच्छ झाल्या. पाडणे हाच उपाय मानला तर काय होते, याचा हा पहिला मोठा धडा.

बेळगावच्याही वाट्याला त्या काळात नगरसुधारणेची एक गोष्ट आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. कारखान्याच्या जागेवर नगरपालिकेच्या निर्बंधांची कुऱ्हाड आली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी हात दिला. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावच्या हाती उरला तो किर्लोस्कर रोड! पालिकेने गैर केले असे म्हणण्याचा हेतू नाही. वाढत्या गावाला जागा लागतेच. परंतु जागा मोकळी करण्याचा अधिकार वापरताना त्या जागेवर काय उगवते आहे हे पाहावे लागते, आणि ते नोटिशीच्या छापील नमुन्यात मावत नाही.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ, कारण आजचे बहुतेक पडके वाडे याच काळाचे अपत्य आहेत. दुसऱ्या महायुद्धात घरांची टंचाई झाली आणि भाडी कडाडली. मुंबई सरकारच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे हा कायदा इथेही लागू होता. त्याला नावे ठेवणे आज सोपे आहे. तो नसता तर शाळामास्तर, कारकून, विडी वळणाऱ्या बाया यांना बेळगाव-निपाणीत डोके टेकायला जागा मिळाली नसती. पण भाडे गोठले आणि कौले, चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी यांचे भाव मात्र धावत राहिले. वर्षाचे भाडे छपराच्या एका दुरुस्तीत संपू लागले. घरमालक म्हणे, भाडेकरूने करावी. भाडेकरू म्हणे, घर त्याचे, मी का करू? दोघांचेही खरे होते. पाणी मात्र तुळईत मुरत राहिले.

१९६१ च्या अखेरीस म्हैसूर राज्याचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात घर पाडून नवे बांधायचे असेल, आणि न्यायालयाची तशी खात्री पटली, तर भाडेकरूला बाहेर काढण्याची मुभा होती. चांगल्या हेतूच्या या वाटेने एक वाईट सवय लावली. दुरुस्ती करायचीच नाही, घर पुरते खिळखिळे होऊ द्यायचे आणि मग ‘पाडण्याखेरीज गत्यंतर नाही’ म्हणून दावा लावायचा. म्हणून जुन्या भाडेकरूला पालिकेच्या नोटिशीची धास्ती वाटते. ती आपल्या जिवासाठी आली की मालकाच्या सोयीसाठी, हे त्याला कळत नाही. १९९९ चा नवा कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. त्याने १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकान-कचेऱ्यांचे संरक्षण काढून घेतले. माझ्या मते बाजारपेठेतली दर्शनी बाजू पुन्हा बांधली जाण्यात या तरतुदीचा मोठा हात आहे. बेळगावच्या बाजारात पुढे चकचकीत काचेचे दुकान आणि मागे कलंडलेले माजघर असे जोडवास्तू दिसतात, त्याचे हे एक कारण.

पण हे सगळे पुण्यालाही घडले, सांगलीलाही घडले. आपल्याकडे त्यावर आणखी एक थर चढला, तो १ नोव्हेंबर १९५६ चा. त्या दिवशी घर जागेवरच राहिले, राज्य बदलले. त्याची राजकीय बाजू या अंकाच्या वाचकांना मी काय सांगणार! मी बोलतो आहे ते घराच्या कागदांविषयी.

आजचे बेळगाव शहर मुळात तीन राजवटींचे गाठोडे आहे. जुनी पेठ इंग्रजी मुलखातली. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. आणि कॅम्प लष्करी छावणीच्या वेगळ्या कायद्याखाली, जिथे कित्येक छावण्यांतल्या जुन्या बंगल्यांप्रमाणे जमीन सरकारची आणि वरची इमारत धारकाची असा ‘ओल्ड ग्रँट’चा प्रकार चालतो. तेव्हा एकाच शहरात मालकीचा पुरावा तीन तऱ्हांचा. त्यात भर भाषेची. पणजोबांचे खरेदीखत मोडीत. आजोबांचे वाटणीपत्र बाळबोध मराठीत. मुंबई राज्याच्या अमदानीतला सिटी सर्व्हेचा उतारा इंग्रजी-मराठीत. त्यानंतरची सगळी नोंद कन्नडमध्ये. जमीन महसुलाचा आणि नगरपालिकांचा असे म्हैसूर राज्याचे दोन्ही नवे कायदे १९६४ सालचे. तोवर या भागात मुंबईचेच कायदे चालू होते. महापालिकांचा कायदा १९७६ चा आणि बेळगावची महापालिकाही त्याच सुमाराची. यांतही पडक्या घराचे कलम आहेच आणि त्याचा साचाही तोच: मालकाला अथवा भोगवटादाराला नोटीस, त्याने न केल्यास पालिकेने करायचे, खर्च वसूल करायचा, आणि धोका डोक्यावरच आला असेल तर नोटिशीची मुदत संपायची वाटही पाहायची नाही.

ही नोटीस कोणत्या भाषेत येते? १९६३ च्या राजभाषा कायद्याने आणि १९८१ च्या स्थानिक संस्थांसाठीच्या राजभाषा कायद्याने ती कन्नड ठरली. १९५६ च्या पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणे कबूल झाली, त्यांत ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात हे तत्त्व आहे. ते किती पाळले जाते याचा अनुभव ज्याचा त्याने घेतलेलाच आहे. आणि न्यायाचे बोलायचे तर जत-अक्कलकोटकडच्या कन्नड घरांना मराठी नोटिशीपुढे हीच अडचण येते. गंमत अशी की आजोबांना मोडी येत होती, कन्नड येत नव्हते. नातू शाळेत कन्नड शिकला आहे, नोटीस वाचून दाखवतो. पण पेटीतले मोडी खत त्याच्या दृष्टीने नुसत्या रेघोट्या. एकाच घराचे पूर्ण कागद वाचू शकेल असा एकही माणूस त्या घरात नाही.

शिवाय नोटीस पोचायला माणूस हवा. १९५६ नंतर नोकरीसाठी आपली मुले कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे वळली. हा ओघ आधीही होता, पण सरकारी नोकरीची आणि शिक्षणाची भाषा बदलल्यावर तो वाढला. निपाणीहून तर कोल्हापूर तासाभराच्या रस्त्यावर. गेलेले परत आले नाहीत, आणि घरावरचा हक्कही सोडला नाही. सोडावा तरी का? एक साधा हिशेब करून पाहा. १९०० च्या सुमारास कुणी वाडा बांधला. त्याला तीन मुले. प्रत्येकाला तीन म्हणजे नऊ, आणि त्यांना प्रत्येकी तीन म्हणजे सत्तावीस. मधल्या पिढ्यांनी वाटणी केली नसेल तर आज त्या एका उंबरठ्याला सत्तावीस वारस. चौघे पुण्यात, पाच-सहा ठाणे-डोंबिवलीत, दोघी गोव्यात दिलेल्या, एक अमेरिकेत, आणि एक जण खुद्द बेळगावात, जो घरपट्टी भरतो म्हणून घर आपलेच समजतो!

मुलींच्या हक्काने गुंता वाढला, अशी कुजबुज पुरुषमंडळींत ऐकू येते. तिला अर्थ नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वारस केले. कर्नाटकाने १९९४ पासून आणि केंद्राने २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. वाडे त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होते. भावाभावांनी तीस-तीस वर्षे दिवाणी दावे चालवले, तेव्हा त्यात बहिणींचे नावही नव्हते. उलट परगावची बहीण सही करायला तयार आणि शेजारच्या खोलीतला भाऊ नाही, असेच जास्त दिसते.

या कोंडीवर एक जुना उपाय आहे, त्याची माहिती फारशी कुणाला नसते. १८९३ चा वाटणीचा कायदा सांगतो की मिळकतीचे तुकडे पाडणे सोयीचे नसेल आणि निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यांनी मागणी केली, तर न्यायालय ती विकून पैसे वाटून देऊ शकते. इतर हिस्सेदारांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेण्याची संधीही मिळते. म्हणजे सत्तावीस जणांचे एकमत व्हायलाच हवे असे नाही. पण त्यासाठी निम्म्यांनी तरी एकत्र यावे लागते, आणि तिथेच घोडे अडते.

आता पालिकेच्या बाजूनेही पाहू. अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा असतात. घर पाडावे, तर उद्या सत्तावीसांपैकी कुणीतरी न्यायालयात उभा राहतो. दुरुस्त करावे, तर पैसा पालिकेचा जातो आणि वसुली कुणाकडून? उताऱ्यावरचा मालक कधीच वारलेला. म्हणून तिसरी, न लिहिलेली वाट धरली जाते. नोटीस दारावर डकवायची, पंचनामा करायचा, फाईल बंद. पुढे काही विपरीत घडले तर ‘आम्ही नोटीस दिली होती’ असे म्हणता येते. लोकप्रतिनिधींचा दाब असता तर निदान पाठपुरावा झाला असता. परंतु बेळगावात तोही सलग राहिलेला नाही. २००५ मध्ये सीमाप्रश्नावरच्या ठरावानंतर सरकारने महापालिका बरखास्त केली. २०१९ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणूक झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर बसायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. प्रशासकाच्या कारभारात रस्ते होतात, गटारे होतात. गल्लीतल्या कुणाच्या वाड्याचा वारस कुठे राहतो, हे नगरसेवकाला ठाऊक असते, प्रशासकाला नसते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले, तेव्हा अनेकांना आशा वाटली होती. पण त्या योजनेचे हात सार्वजनिक जागेपुरते. खासगी पडक्या घराला तिच्यात रकानाच नव्हता.

घर पडल्यावर मात्र सरकार धावते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि अतिवृष्टीत जिल्ह्यातली हजारो घरे कोसळली. तेव्हा पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख रुपये जाहीर झाले आणि नुकसानीप्रमाणे घरांच्या प्रती ठरवल्या गेल्या. मदत मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तीही शेवटी कागदावर मालक कोण या प्रश्नापाशी येत होती. आणि ६ ऑक्टोबर २०२१ ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसाने भिजलेले घर कोसळून सात जण गेले. मातीची भिंत भिजून किती जड होते आणि पडायच्या आधी किती कमी इशारा देते, हे आपल्याकडे घर बांधलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. ओस वाड्याची भिंत पडते तेव्हा ती बहुधा शेजाऱ्याच्या न्हाणीघरावर पडते. त्याने काय गुन्हा केला?

इतरत्र काय केले गेले? मुंबईत १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा झाला. त्या इमारतींवरच उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च उभा केला. सुरुवातीला अशा इमारती १९,६४२ होत्या. दुरुस्ती पुरी पडली नाही, इमारती पडतच राहिल्या, हे खरे. पण पालिकेच्या हाती पहारीखेरीज थापी देणारा तो पहिला कायदा. २०२२ मध्ये त्यापुढे पाऊल टाकून, धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीचा मालक मुदतीत हलला नाही तर रहिवाशांना संधी, आणि तेही न जमल्यास सरकारी मंडळाने जागा घ्यायची, अशी पायरी बांधली गेली. जपानात खेड्यांतून माणसे शहरांकडे गेली आणि घरे मागे राहिली. २०२३ च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरे रिकामी भरली. तिथल्या २०१४ च्या कायद्याने गावच्या पालिकेला मालक शोधण्यासाठी घरपट्टीच्या नोंदी वापरण्याची मुभा दिली, आणि धोकादायक घर तसेच ठेवणाऱ्याची करसवलत काढून घेण्याची सोय केली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्याने २००८ साली वेगळीच युक्ती काढली. सोडून दिलेले घर न्यायालय एखाद्या राखणदाराच्या हवाली करते, तो ते दुरुस्त करतो, मालक परत आला तर खर्च भरून घर परत घेतो. न आला तर शेवटी विक्री.

मला ही शेवटची युक्ती आपल्या गल्ल्यांना सर्वांत जवळची वाटते. मालकी हिरावली जात नाही आणि छप्परही गळत नाही. शेजारी, गल्लीतले मंडळ, एखादी सोसायटी यांनी अर्ज करावा, न्यायाधीशाने हिशेब मागावा, दुरुस्तीचा बोजा उताऱ्यावर चढावा. कर्नाटकाच्या कायद्यांत दुरुस्ती करून खर्च वसूल करण्याचे बीज आहेच. त्याला लागणारा फिरता निधी, वारस शोधण्याची जबाबदारी आणि वारसाला समजेल त्या भाषेतली नोटीस, एवढी जोड विधिमंडळाने दिली तर बेळगाव-निपाणीच काय, धारवाड-हुबळीच्या जुन्या पेठाही दुवा देतील. मात्र भाडेकरूचा परतीचा हक्क कायद्यातच लिहिला गेला पाहिजे, नाही तर हा राखणदार म्हणजे बिल्डरचा मुनीम ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला, बेकायदा ठरवलेले बांधकामसुद्धा पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकल्याशिवाय पाडता येणार नाही, असे बजावले आहे. रजिस्टर टपालाने नोटीस पाठवायची, शिवाय ती इमारतीवर लावायची. बेकायदा बांधणाऱ्याला जेवढे ऐकून घेतले जाते तेवढे वडिलोपार्जित घराच्या परगावी असलेल्या वारसाला ऐकून घ्यायला हरकत नसावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक काम या दिवाळीत होण्यासारखे आहे, कारण भाऊबीजेला सगळे एकत्र येतात. आधी सिटी सर्व्हेचा ताजा उतारा काढून पाहावा. त्यावर अजून पणजोबांचेच नाव असेल, तर वारसा नोंदवायला मृत्यूचे दाखले आणि कुटुंबाचा वंशवृक्ष लागतो. हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, त्यामुळे कुठल्याही कचेरीत तो नीट कळतो. त्यात कर्ते पुरुष सगळे असतात, दिलेल्या मुली मात्र गळालेल्या असतात. त्यांची नावे, सासरची गावे आणि मुलांची नावे ज्या एका म्हाताऱ्या आत्याला तोंडपाठ आहेत, तिला फराळाच्या वेळी जवळ बसवून घ्यावे आणि वही-पेन्सिल हाताशी ठेवावी.